नैसर्गिक संपत्तीसाठी परकी लष्करी ताबा: हेतू ठरवायचा कशावरून?

कर्वेरस्ता_वाचक (प्रश्न)

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीसाठी "परकी लष्करी ताबा आणि नैसर्गिक संपत्ती" हा विषय ठरला असून प्रास्ताविकाचे काम माझ्याकडे आले आहे. मंडळात आताच दोन तट पडले आहेत. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे, की गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोणतेही सैन्य परक्या भूमीवर जाऊन का बसले हे समजून घ्यायचे असेल, तर नकाशावरील तेलविहिरी आणि खाणी तेवढ्या पाहाव्यात. लोकशाही, सुरक्षा, राष्ट्रीय प्रतिष्ठा हा सगळा वरचा मुलामा. दुसऱ्या गटाला या कट्ट्यावरच्या गप्पा वाटतात. त्यांच्या मते तेल किंवा खनिज बाजारात विकत घेणे हे लढून मिळवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते, त्यामुळे हिशेब करणारे कोणतेही सरकार अशा कारणासाठी युद्धात उतरणार नाही.

मला दोन्ही मते अपुरी वाटतात. ज्या प्रदेशात संपत्ती आहे तो व्यापला गेला, एवढ्यावरून तो संपत्तीसाठीच व्यापला गेला असे म्हणता येणार नाही, हे उघड आहे. परंतु मग हेतू ठरवायचा कशावरून? सरकारे तो कुठे लिहून ठेवतात का? कृपया घोषणा नकोत. ज्यांत कागदोपत्री काही हाती लागते अशी उदाहरणे सुचवावीत.

---

खडकीकर

प्रश्न पुण्यातून आला आहे, तर उदाहरणही पुण्याचे नाव लावून गेलेल्या सैन्याचेच देतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, प्रथम उतरलेली तुकडी ही हिंदी लष्कराच्या सहाव्या, म्हणजे "पूना" डिव्हिजनची होती. नोव्हेंबर १९१४ च्या पहिल्या आठवड्यात तिची एक ब्रिगेड शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे उतरली आणि महिना संपण्यापूर्वी बसरा इंग्रजांच्या हाती आले. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या.

आता तेलाचा संबंध पाहा. त्याच नदीच्या पलीकडच्या, इराणच्या बाजूला अबादान येथे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश नौदल कोळशावरून तेलावर येत होते आणि युद्ध सुरू होण्याच्या थोडेच आधी, १९१४ मध्ये, चर्चिल यांच्या पुढाकाराने ब्रिटिश सरकारने या कंपनीत बहुसंख्य भागभांडवल घेतले होते. फाओवर सैन्य उतरवण्यामागे या कारखान्याचे आणि तेलनळाचे रक्षण हे एक कारण निःसंशय होते. परंतु ते एकटे नव्हते. तुर्कस्तान युद्धात उतरत असताना आखातातील अरब शेखांना आपल्या बाजूला ठेवणे, हिंदुस्थानातील मुसलमान प्रजेवर खलिफाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या सुलतानाच्या, हाकेचा परिणाम होऊ न देणे आणि आखातातील इंग्रजी दबदबा टिकवणे या गोष्टी सिमल्याच्या सरकारला तेलाइतक्याच किंवा त्याहूनही अधिक महत्त्वाच्या वाटत होत्या.

शिवाय तेलाचे रक्षण करायला बसरा पुरेसे होते. तरीही ही डिव्हिजन नदीच्या वरच्या अंगाने बगदादच्या दिशेने पुढे रेटली गेली, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे तिला माघार घ्यावी लागली, कुतमध्ये ती वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली. त्यांपैकी हजारो कैदेत मेली. बगदादकडची ती धाव तेलासाठी नव्हती; तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या फसलेल्या मोहिमेत गेलेली पत कुठेतरी भरून काढण्याची ती घाई होती. म्हणजे एकाच मोहिमेच्या पहिल्या महिन्यात तेल हे खरे कारण आहे आणि पुढच्या वर्षात जवळजवळ नाही.

आणि १९१८ मध्ये ते पुन्हा येते. युद्ध संपत आले असताना लंडनमध्ये मंत्रिमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी वरिष्ठांना लेखी कळवले, की इराण आणि मेसोपोटेमियातील तेलावर नियंत्रण मिळवणे हे युद्धाचे प्रथम दर्जाचे उद्दिष्ट मानले पाहिजे. ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी मुद्रोसचा शस्त्रसंधी झाला आणि त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये, इंग्रजी फौजा मोसुलमध्ये शिरल्या. गंमत अशी, की तेव्हा त्या भागात मोठा तेलसाठा प्रत्यक्ष सापडलेलाही नव्हता. किर्कुकजवळ बाबा गुरगुर येथे तेल उसळले ते ऑक्टोबर १९२७ मध्ये.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे: होय, सरकारे हेतू लिहून ठेवतात, पण ते कागद बाहेर यायला पिढी जाते, आणि "ही मोहीम कशासाठी होती" असा एकवचनी प्रश्न न विचारता प्रत्येक टप्प्याचा हेतू वेगळा तपासावा लागतो.

---

पेठेतला_वकील

खडकीकरांनी इतिहास नेमका सांगितला आहे. कायद्याच्या बाजूने एक उदाहरण जोडतो, कारण हेतू आणि लूट यांतील फरक एका न्यायालयाने प्रत्यक्ष निकालात नोंदवला आहे आणि अभ्यासमंडळात वाचून दाखवावा असा तो निकाल आहे.

१९९८ ते २००३ च्या युद्धात युगांडाचे सैन्य काँगोच्या ईशान्य भागात होते आणि इतुरी जिल्हा त्याच्या ताब्यात होता. तेथून सोने, हिरे, लाकूड, कॉफी असे बरेच काही बाहेर गेले. काँगोने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९ डिसेंबर २००५ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले, की युगांडाच्या सैनिकांनी, अगदी वरिष्ठ अधिकाऱ्यांनीसुद्धा, नैसर्गिक संपत्तीची लूट केली आणि ताबा ठेवणारी सत्ता म्हणून ती रोखण्याचे कर्तव्य युगांडाने पाळले नाही. मात्र ही संपत्ती मिळवण्यासाठीच युगांडाने सैन्य पाठवले, किंवा लूट हे त्या सरकारचे धोरण होते, असे मानण्याजोगा विश्वासार्ह पुरावा आपल्यापुढे नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पुढे ९ फेब्रुवारी २०२२ रोजी एकूण ३२.५ कोटी डॉलर भरपाई ठरली आणि त्यांतील ६ कोटी डॉलर नैसर्गिक संपत्तीच्या हानीपोटी होते. थोडक्यात, लूट शाबीत झाली, जबाबदारी शाबीत झाली, हेतू मात्र शाबीत झाला नाही. आपल्या ज्येष्ठ सदस्यांना हे रुचणार नाही, परंतु एखाद्याच्या खिशात माल सापडणे आणि तो माल घेण्याच्या इराद्यानेच तो घरात शिरला हे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणताही फौजदारी वकील सांगेल.

ताब्यातील प्रदेशाच्या संपत्तीबाबतचा मूळ नियम १९०७ च्या हेग नियमावलीतील कलम ५५ मध्ये आहे. ताबा घेणारी सत्ता ही तेथील सरकारी जमिनी, जंगले व इमारतींची केवळ व्यवस्थापक असते. बाग सांभाळणाऱ्याने फळे खावीत, झाडे तोडून विकू नयेत, असा त्याचा आशय आहे. अडचण अशी, की जंगल पुन्हा वाढते, तेल आणि फॉस्फेट पुन्हा वाढत नाहीत. म्हणून आधीपासून चालू असलेल्या विहिरी त्याच गतीने चालवाव्यात की नव्याही खोदाव्यात, यावर बराच वाद झाला. १९७० च्या दशकात इजिप्तचा सिनाई ताब्यात असताना इस्रायलने सुएझच्या आखातात नवे तेल शोधण्याचा हक्क सांगितला, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तो नाकारणारे लेखी मत दिले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १४ डिसेंबर १९६२ चा ठराव क्र. १८०३ नैसर्गिक संपत्तीवर त्या त्या लोकांचे कायम सार्वभौमत्व असल्याचे सांगतो.

---

रांगेतला_माणूस

आपण सर्व विद्वान मंडळी फार सावधपणे लिहीत आहात. इराकचे काय? मार्च २००१ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कवरील हल्ल्याच्याही आधी, उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या ऊर्जाविषयक कार्यगटाच्या कागदांत इराकच्या तेलक्षेत्रांचा नकाशा आणि तेथील कंत्राटांसाठी उत्सुक असलेल्या परदेशी कंपन्यांची यादी होती. न्यायालयीन लढाईनंतर हे कागद बाहेर आले. युद्धाच्या आधीच, २००२ च्या शरद ऋतूत, ब्रिटिश मंत्री आणि ब्रिटिश तेल कंपन्या यांच्यात इराकमधील वाट्याबद्दल बैठका झाल्याची टिपणे २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एप्रिल २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले जात असताना तेल मंत्रालयाच्या इमारतीवर मात्र अमेरिकी पहारा होता. याहून अधिक पुरावा तो कोणता हवा?

---

लक्ष्मीरोड_अर्थवेत्ती

रांगेतला माणूस यांनी दिलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. तेल कोणाच्या मनातच नव्हते, हे अधिकृत निवेदन त्यांच्यापुढे टिकत नाही. परंतु ताबा मिळाल्यावर काय केले गेले, तेही त्याच काळजीने वाचले पाहिजे.

२२ मे २००३ च्या सुरक्षा परिषदेच्या ठराव क्र. १४८३ ने अमेरिका व ब्रिटन यांना ताबा घेणाऱ्या सत्ता म्हणून मान्यता दिली आणि इराकी तेलाच्या निर्यातीचे ९५ टक्के उत्पन्न इराक विकास निधीत, तर उरलेले ५ टक्के कुवेतवरील आक्रमणाच्या भरपाईकडे वळवले. हा निधी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत ठेवला होता आणि खर्चाचा अधिकार ताब्यातील प्रशासनाकडे होता. पैशावरचे हे नियंत्रण मोठेच होते, आणि निधीच्या हिशेबांतील ढिलाईबद्दल पुढे लेखापरीक्षकांनी कडक शेरे मारले. त्याच प्रशासनाने सप्टेंबर २००३ च्या आदेश क्र. ३९ नुसार इराकची जवळजवळ सारी अर्थव्यवस्था परकी मालकीसाठी खुली केली, पण त्यातून नैसर्गिक संपत्तीचे उत्खनन स्पष्टपणे वगळले. तेल क्षेत्र परकी भांडवलाला अनुकूल करणारा कायदा करावा म्हणून २००७ मध्ये वॉशिंग्टनने खूप दबाव आणला, पण इराकी संसदेने तो केला नाही. २००९ मध्ये लिलाव झाले तेव्हा रुमैला हे सर्वांत मोठे क्षेत्र ब्रिटिश पेट्रोलियम आणि चीनची राष्ट्रीय कंपनी यांच्या जोडीला मिळाले, तेही वाढीव उत्पादनावर पिंपामागे २ डॉलर मेहनताना घेऊन. तेलाची मालकी इराककडेच राहिली. पश्चिम कुर्ना-२ रशियाच्या लुकऑइलकडे गेले. पश्चिम कुर्ना-१ मिळवलेली अमेरिकी एक्सॉन अखेर तेथून बाहेर पडली आणि २०२४ च्या सुरुवातीला मुख्य कंत्राटदाराची जागा पेट्रोचायनाने घेतली.

यावरून तेल हा हेतू नव्हता असे ठरत नाही, कारण हेतू फसूही शकतो. माझे म्हणणे वेगळे आहे. "तेलासाठी" या एका शब्दाखाली आपण किमान तीन निराळ्या इच्छा एकत्र करतो: माल उचलून नेणे, आपल्या कंपन्यांना कंत्राटे मिळवून देणे, आणि त्या मालाचा नळ शत्रूच्या हाती राहू न देणे. इराकबाबत मला तिसरी इच्छा सर्वांत बलवान वाटते, दुसरी काही मंडळींची होती, आणि पहिलीचा पुरावा जवळजवळ नाही. १९९० मध्ये सद्दाम हुसेन यांच्या कुवेतबाबतच्या हेतूत मात्र पहिली इच्छा ठळक होती. इराणशी झालेल्या युद्धाचे कर्ज, कुवेतच्या जादा उत्पादनाने पडलेले भाव आणि रुमैलातून कुवेत तिरपे खोदून आपले तेल काढतो ही तक्रार, हे सारे त्यांनी आक्रमणापूर्वी उघड बोलून दाखवले होते. त्याची झळ आपल्यापर्यंत पोहोचली: सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानाने परत आणावे लागले, आयातीचे तेल भडकले आणि १९९१ मध्ये सोने गहाण ठेवण्याची वेळ आली त्यामागे हेही एक कारण होते. इराकला त्या ताब्यातून काय मिळाले? सात महिन्यांत माघार, जाताना पेटवलेल्या ६०० हून अधिक विहिरी, आणि ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई, जिचा शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये फिटला.

विकत घेणे स्वस्त असते, हा आपल्या मंडळातील दुसऱ्या गटाचा युक्तिवाद बाजार खुला असेपर्यंतच खरा आहे. जपानची तेलाची आयात बहुतांश अमेरिकेवर अवलंबून होती आणि ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेने तेल बंद केले. विकत घेण्याची वाट मिटल्यावर जपानने डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, घेतले. जानेवारी १९४२ मध्ये बालिकपापान, फेब्रुवारीत पालेमबांग. डचांनी विहिरी व कारखाने उद्ध्वस्त केले होते, तरी जपानी तंत्रज्ञांनी त्यांतील बरेच पुन्हा सुरू केले. पण तेल जमिनीतून काढणे आणि ते योकोहामापर्यंत नेणे यांच्यामध्ये अमेरिकी पाणबुड्या होत्या, आणि १९४५ च्या सुरुवातीला ही आयात जवळपास थांबली.

---

कर्वेरस्ता_वाचक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. लक्ष्मीरोडच्या ताईंनी केलेली तीन इच्छांची विभागणी मला फार उपयोगी वाटते. पण त्यांची बहुतेक उदाहरणे फसलेल्या ताब्यांची आहेत. संपत्तीसाठी ताबा घेतला आणि तो पचलाही, असे काही आहे का? की असे होतच नाही?

---

लक्ष्मीरोड_अर्थवेत्ती

होते. चिली. अटाकामाच्या वाळवंटातील सोऱ्याच्या (नायट्रेटच्या) खाणी बोलिव्हियाच्या हद्दीत होत्या, पण त्या चालवत होती चिलीची कंपनी. बोलिव्हियाने १८७८ मध्ये क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर बसवला, कंपनीने भरला नाही, सरकारने मालमत्ता लिलावात काढली, आणि लिलावाच्याच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७९ रोजी, चिलीचे सैन्य अंतोफगास्ता बंदरात उतरले. पुढे पेरूही ओढला गेला, लिमा १८८१ ते १८८३ चिलीच्या ताब्यात राहिले, पेरूचा तारापाका प्रांत गेला आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनाराच गेला. त्यानंतर कित्येक वर्षे चिली सरकारच्या महसुलाचा निम्म्याच्या आसपासचा भाग सोऱ्याच्या निर्यातकरातून येत होता. कृत्रिम नायट्रेट आल्यावर सोऱ्याचे दिवस संपले, तर त्याच काबीज प्रदेशातून, चुकिकामाता येथून, तांबे निघू लागले. हा ताबा पचला, कारण प्रदेश जवळ होता, विरळ वस्तीचा होता आणि खाणीतील भांडवल व पुष्कळसे मजूर आधीपासूनच चिलीचे होते. दाट वस्तीच्या, औद्योगिक प्रदेशात हे जमत नाही: जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांनी जर्मनीकडून युद्धभरपाईचा कोळसा वसूल करण्यासाठी तिचा रुहर प्रदेश व्यापला, तेव्हा खाणकामगारांनी काम थांबवले आणि सुरुवातीला पूर्वीइतकाही कोळसा मिळेना.

याउलट अफगाणिस्तान आपल्या पहिल्या गटापुढे ठेवून पाहा. २०१० मध्ये तेथे सुमारे १ लाख कोटी डॉलरची खनिजे असल्याची घोषणा अमेरिकी अधिकाऱ्यांनीच केली. वीस वर्षांच्या मुक्कामात तांब्याचे मोठे कंत्राट गेले चिनी कंपनीकडे आणि हाजीगकच्या लोखंडाच्या खाणी २०११ मध्ये देऊ केल्या गेल्या त्या आपल्या स्टील अथॉरिटीच्या नेतृत्वाखालील भारतीय गटाला. खाणकाम प्रत्यक्षात सुरूच झाले नाही.

---

पेठेतला_वकील

पश्चिम सहाराही यादीत घ्यावा, कारण तो आजही संपलेला नाही. नोव्हेंबर १९७५ पासून मोरोक्को तेथे आहे. बू क्रा येथील फॉस्फेट सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या सरकत्या पट्ट्यावरून समुद्रापर्यंत येते. स्पेनने प्रदेश सोडताना त्या खाणीच्या कंपनीत ३५ टक्के वाटा स्वतःकडे ठेवला होता, हे मला सर्वांत बोलके वाटते. तरीही जगातील सर्वांत मोठा फॉस्फेटचा साठा मोरोक्कोच्या स्वतःच्या भूमीतच आहे आणि बू क्रा त्यापुढे लहान आहे. केवळ फॉस्फेटने हा ताबा समजत नाही. राजघराण्याला त्या काळी राष्ट्रीय कार्याची असलेली गरज अधिक समजावते. मासेमारीचा वाटा मात्र कमी लेखू नये: ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने युरोपीय संघाचे मोरोक्कोशी झालेले मासे व शेतमालाविषयीचे करार तेथील लोकांची संमती नसल्याच्या कारणावरून रद्दबातल ठरवले.

---

अकोलेकर_सध्या_हडपसर

इतक्या दूर जाण्याची आवश्यकता आहे का, असा प्रश्न पडतो. आमचा वऱ्हाड घ्या. निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च थकवला, म्हणून २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे लावून घेतले. कागदावर कारण एकच: फौजेची थकबाकी आणि पुढील पगार. काळ्या जमिनीच्या कापसाबद्दल तहात काही नाही, जरी मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा हिंदुस्थानी कापसासाठीचा तगादा त्या काळात सर्वांना ठाऊक होता.

खरी परीक्षा त्यानंतर होते. १८६० च्या तहात निजामाचे ५० लाखांचे कर्ज माफ झाले, आणि धाराशिव व रायचूर दुआब परत गेले. वऱ्हाड मात्र परत गेले नाही. फौजेच्या खर्चाची तजवीज म्हणून ते ठेवून घेतले गेले. लगेच अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले, मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे वऱ्हाडातून गेली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी काढलेल्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८७० च्या दशकात प्रदेश परत मागितला, तो नाकारला गेला. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टाच लिहून घेतला.

खडकीकर कदाचित म्हणतील, की कापसाइतकाच रेल्वेमार्गही महत्त्वाचा होता, आणि ते बरोबरच आहे. पण आपण जी कसोटी शोधत आहात ती मला इथे सापडते: ताब्यासाठी सांगितलेले कारण दूर झाल्यावर कोणता तुकडा परत दिला जातो आणि कोणता ठेवला जातो, हे पाहावे. १८५३ चा तह आणि १८६० चा तह शेजारी शेजारी ठेवून बैठकीत वाचता येतील. दोन्ही छापील तहसंग्रहांत आहेत आणि फारसे लांबही नाहीत.

---

कर्वेरस्ता_वाचक

मग क्रम असा ठेवतो: आधी वऱ्हाड, मग अंतोफगास्ता, मग बसरा ते मोसुल, आणि शेवटी इतुरीचा निकाल. इराक २००३ मुद्दाम चर्चेसाठी मोकळे सोडतो, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांतच दोन्ही गट त्यावर अडतील आणि बाकीचे राहून जाईल. खडकीकर, आपण बसऱ्याचा भाग येऊन मांडाल का?

---

खडकीकर

आनंदाने. नकाशा मी घेऊन येतो. फाओपासून कुतपर्यंतची नदी डोळ्यांसमोर असल्याखेरीज बसऱ्यापाशीच का थांबता आले असते, हे पटवणे अवघड जाते.